कॅनडातल्या ऑफिसात इंडिजिनस रिकन्सिलिएशनचं ट्रेनिंग आलंय? मग नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करू नका

कॅनडात नोकरीला लागलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एचआरकडून ट्रेनिंगची माळच लागते. सायबर सिक्युरिटी, हॅरॅसमेंट, आग लागली तर कुठल्या जिन्याने खाली पळायचं, आणि त्यातच कुठेतरी एक असतं ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन किंवा इंडिजिनस अवेअरनेस असल्या नावाचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांबद्दल आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दलचं. आपली मंडळी ते कसं उरकतात ते सगळ्यांनाच माहितीये, एका स्क्रीनवर व्हिडिओ म्यूट करून चालू, दुसऱ्या स्क्रीनवर आपलं काम, शेवटच्या क्विझमध्ये अंदाजपंचे उत्तरं, पास, सर्टिफिकेट, झालं. मी ओंटारियोत बरीच वर्षं आहे आणि आमच्या टीमसाठी ही ट्रेनिंगं ठरवायचं कामही माझ्याकडे असतं, त्यामुळे भारतातून आलेले लोक यात नक्की कुठे अडखळतात ते जवळून बघते. म्हणून खास आपल्या लोकांसाठी हे लिहितेय, ट्रेनिंगच्या आधी काय वाचून जायचं, आत बसल्यावर कसं वागायचं, नंतर कामात काय बदलायचं.

पहिलं म्हणजे "आपला काय संबंध?"

हे बाजूला ठेवल्याशिवाय पुढचं काहीच डोक्यात शिरत नाही. आपण तर आत्ता आलो, आपण कुणाची जमीन घेतली, कुणाची मुलं पळवली, गोऱ्यांनी केलं ते गोऱ्यांनी निस्तरावं, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं आणि लंचला मराठीतून बोललंही जातं. मला ते पूर्ण पटत नाही. ब्रॅम्प्टनमध्ये घर घेतलंत ना, ती जमीन १८१८ च्या ट्रीटी १९ मधली (ट्रीटी म्हणजे सरकारने मूळ रहिवाशांशी केलेला करार). टोरांटो डाउनटाउनमध्ये बँकेत जाता ती जागा ट्रीटी १३ मधली, १७८७ ला पहिला व्यवहार झाला, तो इतका अर्धवट होता की १८०५ ला परत करावा लागला, आणि त्यावरून मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या फर्स्ट नेशनने, म्हणजे मूळ रहिवाशांच्या एका समाजाने, केलेला दावा शेवटी २०१० साली मिटला, सरकारने १४.५ कोटी डॉलर दिले. म्हणजे आपल्या आजोबांच्या आजोबांच्या काळातली गोष्ट आहे असं समजू नका, आपल्यातले बरेच लोक कॅनडात आले तेव्हा हा हिशोब चालूच होता. आणि ज्यांच्या नावावरून मिसिसॉगा शहराचं नाव पडलं ते लोक १८४७ पासून हॅगर्सव्हिलजवळ राहतात, कारण इकडे त्यांना जागाच उरली नव्हती.

शिवाय ज्यांनी २०२१ नंतर सिटिझनशिपची शपथ घेतलीये त्यांनी जरा आठवून बघा, त्यात फर्स्ट नेशन्स, इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे) आणि मेटी (फर्स्ट नेशन्स आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचे) लोकांचे ट्रीटीचे हक्क राज्यघटनेने मान्य केलेत असं वाक्य आहे, ते आपण हात वर करून म्हटलेलं आहे. ते वाक्य आलं कुठून तर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरातून नेऊन ठेवलेल्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या, ९४ व्या कॉल टू ॲक्शनमधून, म्हणजे शिफारशीतून. ९३ वा पण आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांबद्दलच आहे, की त्यांना जी माहिती देता आणि सिटिझनशिपच्या परीक्षेला जे विचारता त्यात हा इतिहास नीट घाला. म्हणजे कमिशनने आपला विचार आधीच करून ठेवला होता.

दुसरं वाक्य ठरलेलं, "आम्ही पण इंग्रजांच्या गुलामीत होतो, आम्हाला सगळं कळतं." हे तर सेशनमध्ये चुकूनही बोलू नका, का ते सांगते. त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात इकडे १८७६ ला इंडियन ॲक्ट आला (यातले इंडियन म्हणजे आपण नाही, फर्स्ट नेशन्सचे लोक) आणि तिकडे आपल्याकडे १८७१ ला क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट. इकडे १८८५ नंतर प्रेरीजमध्ये, म्हणजे मधल्या मैदानी प्रांतांत, रिझर्व्हवरच्या (त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या) माणसाला बाहेर पडायला सरकारी एजंटचा पास लागायचा, तिकडे सोलापुरात कैकाडी, पारधी अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायचे, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आता प्रामाणिकपणे बघायचं तर कॅनडापर्यंत पोचलेल्या आपल्यासारख्यांची बहुतेक घरं त्या तारेच्या बाहेरच्या बाजूला होती. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर ही करा, घरी बसून, स्वतःशी, कारण त्याने ट्रेनिंगमधलं खूप काही पटकन समजतं. सेशनमध्ये मात्र ती मांडायची नाही, तिथे ऐकायला गेलोय.

जाण्याआधी एवढं तरी वाचा

अर्धा तास पुरतो. आधी आपलं ऑफिस आणि घर कुणाच्या जमिनीवर आहे ते शोधायचं, नेटिव्ह लँड डिजिटल नावाची एक मॅपची साइट आहे तिथे पत्ता टाकला की कुठली नेशन, कुठली ट्रीटी ते दिसतं, पण तो मॅप म्हणजे फक्त सुरुवात, नंतर त्या फर्स्ट नेशनच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बघायचं. कॅल्गरीवाल्यांची १८७७ ची ट्रीटी ७, एडमंटनवाल्यांची १८७६ ची ट्रीटी ६, विनिपेगची १८७१ ची ट्रीटी १. व्हॅंकुव्हरला तर ट्रीटीच नाही, मस्कीम, स्क्वॉमिश आणि स्लेवाटूथ या तीन नेशन्सनी ती जमीन कधी कुणाला दिलेलीच नाही, म्हणून तिथे अनसीडेड म्हणतात. ऑटावा पण तसंच, अल्गॉन्क्विन लोकांची अनसीडेड जमीन, त्यावर पार्लमेंट उभंय.

मग लोक कोण ते. राज्यघटनेच्या १९८२ च्या कलम ३५ मध्ये तीन आहेत, फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी. तिघांचा इतिहास वेगळा, हक्क वेगळे, भाषा वेगळ्या, सगळ्या मिळून ७० च्या वर भाषा आणि ६३० च्या वर फर्स्ट नेशन्स. २०२१ च्या जनगणनेत हे सगळे मिळून १८ लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्के. त्यामुळे "त्यांच्यात काय करतात?" असा प्रश्नच चुकतो, भारतात काय खातात असं विचारल्यासारखं होतं ते.

इंडियन ॲक्टमध्ये काय काय होतं याच्यावर मात्र जरा जास्त वेळ घालवा, कारण सेशनमध्ये जे "मग त्यांनी तेव्हाच काही केलं का नाही" असे प्रश्न येतात त्या सगळ्यांचं उत्तर त्यात आहे. कोर्टात का नाही गेले? कारण १९२७ ते १९५१ जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं, वकील लावणं हाच गुन्हा होता. शिकले का नाहीत? १८७६ च्या मूळ कायद्यात लिहिलेलं होतं की युनिव्हर्सिटीची डिग्री घेतली, डॉक्टर, वकील झालं की तुमचं स्टेटस आपोआप गेलं, म्हणजे कायद्याने तुम्ही तुमच्या लोकांचे उरलाच नाहीत. डिग्रीपायी शेती विकणाऱ्या आपल्या समाजाने यावर जरा थांबून विचार करावा असं मला फार वाटतं. पॉटलॅच सारखे सोहळे १८८५ ते १९५१ बंद. बाईने बाहेरच्या माणसाशी लग्न केलं तर तिचं स्टेटस गेलं, पुरुषाचं नाही, हे १९८५ पर्यंत चालू होतं. स्टेटस न सोडता फेडरल निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला १९६० ला.

आणि रेसिडेन्शियल स्कूल्स. इथे घाई करू नका. साधारण दीड लाख मुलं घरातून नेली, सरकारचे पैसे आणि चर्चचा कारभार, शंभर वर्षांच्या वर हे चाललं, शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकात. केस कापायचे, नाव बदलायचं, कुठेकुठे नुसता नंबर, स्वतःची भाषा बोललं तर मार. सरकारच्याच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये रिपोर्ट दिला की पश्चिमेकडच्या या शाळांमध्ये टीबीने मुलं मरताहेत, हवा नाही, जागा नाही, आणि सरकारने तो रिपोर्ट बाजूला ठेवला. आत्तापर्यंत ४,१०० च्या वर मुलांच्या मृत्यूची नोंद सापडलीये आणि काम अजून संपलेलं नाही. २००८ ला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली, त्याच वर्षी कमिशन नेमलं, नंतर त्याचे प्रमुख झाले मरे सिंक्लेअर, मॅनिटोबातले पहिले इंडिजिनस न्यायाधीश. साडेसहा हजारांच्या वर लोकांनी येऊन सांगितलं, आणि २०१५ ला ते ९४ कॉल्स टू ॲक्शन आले. त्यातला ९२ वा कंपन्यांसाठी आहे, ५७ वा सरकारी नोकरांसाठी. तुमच्या इनबॉक्समध्ये जे ट्रेनिंग आलंय ते बहुतेक या दोनपैकी एकाचं पोर आहे. एकदा तो ९२ वा कॉल पूर्ण वाचाच, छोटा आहे, त्यात ट्रेनिंग हा फक्त तिसरा मुद्दा आहे, त्याच्या आधी दोन आहेत, प्रोजेक्ट सुरू करण्याआधी इंडिजिनस लोकांशी बोलून त्यांची संमती घ्या आणि त्यांना नोकऱ्या, शिक्षण, धंद्याच्या संधी बरोबरीने द्या. बऱ्याच कंपन्यांना तिसरा तेवढा लक्षात राहतो कारण तो स्वस्त पडतो.

सेशनमध्ये बसल्यावर

ऑनलाइन मॉड्यूल असेल तर एकच सांगते, व्हिडिओ १.५ च्या स्पीडने लावू नका. त्या शाळांमधून वाचून बाहेर आलेले सर्व्हायव्हर बोलत असतात त्यात, स्वतःवर गेलेलं सांगत असतात.

समोरासमोर वर्कशॉप असेल तर बऱ्याच ठिकाणी ब्लँकेट एक्सरसाइज असतो, कायरोज नावाच्या संस्थेचा, १९९७ पासून चालत आलेला. जमिनीवर ब्लँकेटं अंथरतात, ती म्हणजे युरोपियन यायच्या आधीची जमीन, सगळ्यांनी बूट काढून त्यावर उभं राहायचं (धड मोजे घालून जा, एवढी प्रॅक्टिकल सूचना), मग निवेदक इतिहास वाचत जातो आणि एकेक ब्लँकेट दुमडलं जातं, काही जणांच्या हातात कार्ड असतं, ते आलं की बाजूला व्हायचं, कारण ते देवीच्या साथीत गेले, किंवा शाळेतून परत आलेच नाहीत. शेवटी मोठ्या हॉलमध्ये चार-पाच माणसं तळहाताएवढ्या तुकड्यांवर उभी असतात. ऐकायला शाळेतल्या ॲक्टिव्हिटीसारखं वाटतं आणि आपले लोक सुरुवातीला हसत, एकमेकांना धक्के देत उभे असतात, पण बाजूला कुणाची तरी आजी त्या शाळेत गेलेली असू शकते हे डोक्यात ठेवा.

त्यानंतर सर्कल असतं. गोल बसायचं, एक पक्ष्याचं पीस किंवा दगड हातातून हातात फिरतो, ज्याच्या हातात तो आहे तोच बोलणार. आपल्याकडे चार जण एकदम बोलल्याशिवाय गप्पा झाल्यासारख्या वाटत नाहीत, त्यामुळे हे अवघड जातं, पण मध्ये बोलायचं नाही, मान डोलवत "करेक्ट करेक्ट" नाही, कुणी रडलं तर लगेच उठून टिश्यूचा डबा घेऊन धावायचं नाही, आणि कुणी गप्प बसलं तर ती शांतता भरून काढायची नाही. बोलायचं नसेल तर नुसतं पास म्हणून पुढे द्यायचं, कुणी काही म्हणत नाही. आणि तिथे ऐकलेलं नंतर टीमच्या चॅटवर टाकायचं नाही.

एल्डर आले असतील तर एल्डर आणि नाव असं म्हणायचं. सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना एल्डर म्हणत नाहीत, त्यांच्या समाजाने मान दिलेला असतो. पाया वगैरे पडायला जाऊ नका, आपल्याकडून प्रेमाने होतं पण समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. जेवण असेल तर आधी एल्डरना वाढतात, तोपर्यंत लाइनीत घुसायचं नाही. सुरुवातीला स्मजिंग असू शकतं, सेज, स्वीटग्रास, सीडर अशी झाडं शिंपल्यात किंवा भांड्यात जाळून तो धूर हातांनी डोक्यावरून, छातीवरून घेतात, आपण आरती घेतो तसाच हात जातो म्हणून आपल्याला ते फार ओळखीचं वाटतं. घ्यायचं नसेल, दमा असेल तर नुसतं बाजूला उभं राहिलं तरी चालतं. फोटो काढू नका. आणि "अय्या आमच्यात पण सेम असतं" हे चहाच्या वेळेसाठी ठेवा, तेही समोरच्याने विचारलं तर.

प्रश्न काय विचारायचे? आपल्या कंपनीचं ऑफिस ज्या नेशनच्या जमिनीवर आहे त्यांच्याशी कंपनीचं काही नातं आहे का, आपण इंडिजिनस धंद्यांकडून काही विकत घेतो का, माझ्या कामात म्हणजे टेस्टिंगमध्ये, अकाउंट्समध्ये, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर हे कुठे लागू पडतं. फॅसिलिटेटरना असे प्रश्न आवडतात कारण फार कमी जण विचारतात.

आणि तो टॅक्सचा प्रश्न, तो विचारू नका, उत्तर मीच देते. "त्यांना टॅक्स नसतो, युनिव्हर्सिटी फुकट असते, घरबसल्या पैसे येतात" हे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्या खात्रीने सांगतात की विचारू नका. इन्युइट आणि मेटी लोक तुमच्या-आमच्यासारखाच टॅक्स भरतात. फर्स्ट नेशन्समधले स्टेटस असलेले लोक, त्यांना इंडियन ॲक्टच्या कलम ८७ खाली सूट आहे, ती साधारणपणे रिझर्व्हवरच्या मालमत्तेला आणि रिझर्व्हशी जोडलेल्या कमाईला. तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसून डाउनटाउनमध्ये पगार घेणाऱ्याचा टॅक्स सहसा तुमच्यासारखाच कापला जातो. दुकानात स्टेटस कार्ड दाखवून बिल कमी झालेलं तुम्ही पाहिलं असेल, ती ओंटारियोत एचएसटीमधल्या (विक्रीकरातल्या) प्रोव्हिन्सच्या ८ टक्क्यांची सूट. युनिव्हर्सिटीसाठी फेडरल सरकारचे पैसे फर्स्ट नेशन्सकडे जातात, ते मर्यादित असतात, सगळ्यांना पुरत नाहीत. आणि ट्रीटीचे पैसे म्हणाल तर १८७० च्या दशकातल्या त्या नंबरवाल्या ट्रीटीजमध्ये माणशी वर्षाला ५ डॉलर ठरले होते, ते आजही ५ डॉलरच आहेत, महागाई धरून वाढवलेच नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या ५ डॉलरचं आज एक सँडविच येतं जेमतेम.

उलट काय मिळत नाही ते बघा. शोल लेक ४० नावाची फर्स्ट नेशन आहे, मॅनिटोबा-ओंटारियोच्या सीमेवर, १९१९ पासून विनिपेग शहराला पिण्याचं पाणी त्यांच्या तळ्यातून जातं, आणि त्या लोकांना स्वतःला १९९७ ते २०२१ पाणी उकळून प्या असा आदेश होता. उत्तर ओंटारियोत नेस्कांटागाला हाच आदेश १९९५ ला लागला तो तीस वर्षं झाली तरी उठलेला नव्हता. टँकरच्या गावांतून आलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

मीटिंगच्या सुरुवातीचं ते निवेदन तुमच्यावर आलं तर

लँड ॲक्नॉलेजमेंट. मोठ्या मीटिंगच्या आधी कुणीतरी वाचतं ते, आणि एक दिवस मॅनेजर म्हणतो की धिस टाइम यू डू इट. घाबरायचं कारण नाही. कंपनीचा ठरलेला मजकूर असेल तर घ्या, पण आदल्या दिवशी उच्चार ऐकून मोठ्याने चार वेळा म्हणा. होडेनोशोनी, अनिशिनाबे, वेन्डॅट ही ओंटारियोतल्या लोकांची नावं. मेटी म्हणायचं, मेटिस नाही. आपल्या नावांची इथे कशी वाट लावतात आणि त्यावर आपण किती चिडतो ते माहितीये ना, मग एवढं करूच.

भूतकाळात बोलू नका, "इथे अमुक लोक राहायचे" असं नाही, ते आजही आहेत. तयार मजकुरापुढे स्वतःचं एखादं वाक्य जोडा, मी भारतातून इथे येऊन राहतेय, ही ट्रीटी १९ ची जमीन आहे, आणि या प्रोजेक्टमध्ये आपण अमुक गोष्ट करतोय. करत काहीच नसाल तर ते शेवटचं वाक्य घालू नका, उगाच गोड बोलून ठेवायचं नाही. एक मिनिटात संपवा. आणि टीममध्ये कुणी इंडिजिनस असेल तर "तू वाच ना, तुझंच आहे" असं कधीही नाही, आपल्याला दिवाळीत सगळ्या ऑफिससमोर उभं करून "टेल अस अबाउट हिंदुइझम" म्हणतात तेव्हा कसं होतं ते आठवा, त्याहून हे जड आहे. वेलकम वेगळं, ते त्या नेशनचाच माणूस देऊ शकतो, आपण नाही.

३० सप्टेंबर

ऑरेंज शर्ट डे २०१३ ला सुरू झाला, फिलिस वेबस्टॅड यांच्यामुळे. १९७३ ला सहा वर्षांच्या असताना आजीने घेऊन दिलेला नवा केशरी शर्ट घालून त्या विल्यम्स लेकजवळच्या शाळेत गेल्या आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिला नाही. मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या शाळेच्या आवारात रडारने सुमारे २०० संभाव्य कबरींच्या खुणा मिळाल्याची बातमी आली तेव्हा सगळा देश हलला, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबर नॅशनल डे फॉर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन झाला.

सुट्टीचा घोळ समजून घ्या. बँका, टेलिकॉम, एअरलाइन्स असल्या फेडरल कायद्याखालच्या नोकऱ्यांना सुट्टी, ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबात सगळ्यांना, ओंटारियोत प्रोव्हिन्सची सुट्टी नाही. त्यामुळे बँकेत कॉन्ट्रॅक्टवर असाल तर आपल्या एजन्सीला आधीच विचारा, नाहीतर सगळी टीम घरी आणि तुम्ही एकटे लॉगिन.

शर्ट घ्यायचा तर ज्याचे पैसे इंडिजिनस कलाकाराला किंवा त्या कामाला जातात असा घ्या, मोठ्या साइटवरच्या चोरलेल्या डिझाइनचा नको. आणि कृपा करून "हॅपी ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन डे" असा मेसेज टाकू नका, आपली बोटं कुठल्याही दिवसाला हॅपी लावायला शिवशिवतात पण हा दिवस मेलेल्या मुलांचा आहे. हॅपी म्हणायचं तर २१ जून आहे, नॅशनल इंडिजिनस पीपल्स डे, तेव्हा पाउवाउ असतात, गाणी, नाच, खाणं, तिथे मुलांना घेऊन खुशाल जा, नाचाच्या ड्रेसला कॉस्च्युम म्हणू नका, रिगेलिया म्हणतात, आणि न विचारता हात लावू नका.

तुम्ही मॅनेजर असाल किंवा ट्रेनिंग लावणारे

हे थोडं वेगळं आहे आणि इथे खरी गंमत पैशात अडकते. एल्डरना बोलवायचं तर मानधन त्याच दिवशी हातात गेलं पाहिजे. आपल्या सिस्टिममध्ये व्हेंडर रजिस्ट्रेशन, इन्व्हॉइस, नेट ६० असलं सगळं असतं, सत्तरीच्या बाईंना ते फॉर्म भरायला लावायचे आणि दोन महिन्यांनी चेक पाठवायचा, यावर रिकन्सिलिएशनची स्लाइड लावायला तोंड उरत नाही. फायनान्सशी दोन महिने आधी बोलून ठेवा, त्यांना मार्ग माहीत असतो, फक्त कुणी विचारत नाही. गाडीभाडं, सोबत येणाऱ्या मदतनिसाचे पैसे वेगळे. विनंती करताना बऱ्याच फर्स्ट नेशन्समध्ये तंबाखू देण्याची पद्धत आहे, छोट्या कापडात बांधून, पण सगळीकडे नाही, त्यामुळे आधी त्यांच्या मदतनिसाला किंवा त्या नेशनच्या ऑफिसला विचारायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणी मोकळं नसतं, सगळ्या कॅनडाला तेव्हाच आठवण येते, नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी घ्या. खोलीत स्मजिंग करायचं तर बिल्डिंगवाल्यांना सांगून फायर अलार्मचं बघून ठेवा. आणि सेशननंतर कुणाला त्रास झाला तर म्हणून रेसिडेन्शियल स्कूल क्रायसिस लाइनचा नंबर स्लाइडवर ठेवा, १-८६६-९२५-४४१९, चोवीस तास चालू असतो.

टीममध्ये इंडिजिनस माणूस असेल तर त्याला आधी खाजगीत सांगा की असं ट्रेनिंग आहे, यायलाच हवं असं नाही. कितीतरी जणांना तिथे बसून आपल्याच घरातलं दुःख सहकाऱ्यांसमोर परत ऐकायचं नसतं.

रजेचं पण बघा. फेडरल कायद्याखालच्या नोकरीत तीन महिने झालेल्या इंडिजिनस कर्मचाऱ्याला पारंपरिक गोष्टींसाठी, म्हणजे शिकार, मासेमारी, कापणी वगैरे, वर्षाला ५ दिवसांची बिनपगारी रजा आहे, २०१९ पासून. कुणी मूसच्या शिकारीला जायचंय म्हणाला तर हसू नका, त्या एका जनावरावर घरातल्या सगळ्यांचा हिवाळा निघतो. मामेआजी गेली म्हणून चार दिवस मागितले तर पॉलिसीत फक्त आई-वडील-नवरा-बायको आहेत असं तोंडावर मारू नका, निदान आपण तरी नको, आपल्याकडे चुलतचुलत्याचं सुतक पाळणारी माणसं आहेत.

सेल्फ-आयडेंटिफिकेशनचा फॉर्म येतो, त्यात इंडिजिनस म्हणजे कॅनडातले फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी, बास. भारतात कुणी कितीही मूळनिवासी असो, तो रकाना आपला नाही. एम्प्लॉयमेंट इक्विटी ॲक्टमध्ये आपण व्हिजिबल मायनॉरिटीत येतो आणि ते वेगळ्या गटात, म्हणून डायव्हर्सिटीच्या आकड्यांत सगळ्यांची एकच बेरीज करून "आमच्याकडे ४० टक्के डायव्हर्स" असं दाखवलेलं असेल तर त्यात इंडिजिनस किती ते वेगळं विचारा. बऱ्याचदा उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.

नंतर

ट्रेनिंगनंतरच्या आठवड्यात कॅलेंडरमध्ये एकच गोष्ट टाका, पण आपल्या अखत्यारीतली. कॅटरिंगची ऑर्डर तुम्ही देता? मग इंडिजिनस कॅटरर शोधा. कुणाला कामावर घेताय? मग जाहिरात फक्त लिंक्डइनवर न टाकता फर्स्ट नेशन्सच्या एम्प्लॉयमेंट सेंटरला पाठवा आणि "कॅनेडियन एक्स्पिरियन्स" सारखीच ती "पाच वर्षं सलग अनुभव" वाली अट खरंच लागते का बघा, त्या अटीने आपणही मार खाल्लाय. बोलण्यातले "पाउवाउ करूया", "स्पिरिट ॲनिमल", "लो ऑन द टोटम पोल" हे सगळे वाक्प्रचार सोडा, इथल्या लोकांचं ऐकून आपण उचलतो आणि ते सोडून देतात तेव्हा आपणच तेवढे म्हणत राहतो. दुसऱ्या कुणी "चीफ" अशी हाक मारली तर चारचौघांत झापू नका, नंतर बाजूला घेऊन सांगा.

अजून शिकायचं असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाचा इंडिजिनस कॅनडा नावाचा ऑनलाइन कोर्स आहे, बारा धडे, इंडिजिनस लोकांनीच शिकवलेला, कोर्सेरावर मिळतो. संध्याकाळी भांडी घासताना ऐकता येतो, ट्रीटीजचा भाग मात्र बसून ऐका. सर्टिफिकेट हवं असेल तर पैसे पडतात, नुसतं शिकायचं तर ऑडिट, म्हणजे सर्टिफिकेटशिवायचा पर्याय, निवडा.